‘कुठले?’ आणि ‘कुठे असता?’ : पेठेत जाण्याच्या निर्णयाची भाषा

मराठी बोलणाऱ्या दोन अपरिचित माणसांची प्रवासात गाठ पडली, की नावाच्याही आधी पुष्कळदा दोन प्रश्न विचारले जातात. पहिला ‘कुठले तुम्ही?’ आणि दुसरा ‘कुठे असता?’ वरवर पाहता दोन्ही प्रश्न ठिकाणाविषयी आहेत आणि एकाचे उत्तर मिळाल्यावर दुसरा अनावश्यक ठरावा. प्रत्यक्षात तसे होत नाही. ‘आम्ही सोनारीचे, हडपसरला असतो’ असे उत्तर येते, आणि विचारणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. या उत्तरातील ‘-चे’ आणि ‘-ला’ हे दोन प्रत्यय आणि ‘असतो’ हे क्रियापद यांवर गाव सोडण्याच्या निर्णयाचा बराचसा भार उभा आहे. प्रस्तुत विवेचन त्या भाराचे आहे.

‘तो हडपसरला आहे’ या वाक्यात तो माणूस या घटकेला तेथे आहे, एवढेच कळते. ‘तो हडपसरला असतो’ म्हटले, की त्याचे तेथे नित्य वास्तव्य आहे असे कळते. मात्र ते वास्तव्य स्वतःच्या घरात आहे की भाड्याच्या खोलीत, एकट्याचे आहे की मुलाबाळांसह, कायमचे आहे की दोन वर्षांचे, यांपैकी काहीही कळत नाही. ‘असतो’ हे रूप हे सारे मोकळे ठेवते. ‘राहतो’ थोडे अधिक सांगते. परंतु ‘राहणे’ या धातूला ‘मागे उरणे’ हाही अर्थ आहे, आणि ‘गावी आता कोण राहिले?’ या प्रश्नात तोच पुढे येतो. उलट ‘सोनारीचा’ यातील ‘-चा’ काळाशी बांधलेला नाही. चाळीस वर्षे पुण्यात काढलेला माणूसही ‘मी सोनारीचा’ असे वर्तमानकाळी म्हणतो आणि त्याला कोणी खोटे पाडत नाही. हिंदुस्थानच्या जनगणनेत जन्मस्थळाची नोंद पहिल्यापासून होत आली. १९७१ पासून मागील वास्तव्याचे ठिकाणही विचारले जाऊ लागले, आणि १९८१ पासून स्थलांतराचे कारण. या तिन्ही रकान्यांपैकी एकाचाही अर्थ ‘कुठले?’ असा होत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात किंवा आईच्या माहेरी जन्मलेले मूल त्या ठिकाणचे ठरत नाही, ते बापाच्या गावचे ठरते. आणि मुलगी लग्न होताच कुठली होते, हा तर स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

सोनारी हे धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील गाव. (जिल्ह्याचे ‘उस्मानाबाद’ हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले.) सीना नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख पावसाच्या बाबतीत बेभरवशाचा. गावाची ख्याती काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे. अलीकडच्या काळात साखर कारखानाही तेथे उभा राहिला. जवळचे परांडा हे किल्ल्याचे ठाणे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ या परांड्यात होती. आज परांड्याचे नाव राजधानी म्हणून कोणाच्या ध्यानात नाही, ही गोष्ट ठिकाणांचे महत्त्व किती चंचल असते ते सांगण्यास पुरेशी आहे.

या भागातील माणसे बाजारासाठी आणि पोटासाठी पुण्याकडे पाहू लागली, त्याच्या फार आधीपासून ती बार्शीकडे पाहत होती. ‘बार्शी तेथे सरशी’ ही म्हण त्याचीच खूण होय. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी कुर्डुवाडी व बार्शी यांच्या दरम्यान धावू लागली आणि बार्शीची पेठ थेट मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. परंतु परांडा तालुका निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजी मुलखातील सोलापूर जिल्ह्यात, अशी स्थिती होती. सोनारीचा शेतकरी बार्शीला निघाला म्हणजे तो एका राज्यातून दुसऱ्यात जाई. हैदराबाद संस्थानची जकात निराळी, तिचे खाते ‘करोडगिरी’ या नावाचे. नाणेही निराळे, आपला तो ‘हाली’ रुपया आणि पलीकडचा तो ‘कलदार’. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पुण्याकडे जाण्याच्या वाटेवरील राजकीय सीमा तेव्हा नाहीशी झाली. पण सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर आणि बोलीची, पद्धतीची, ओळखीची सीमा राहिली. ती ओलांडण्याचा निर्णय आजही घरोघर घ्यावा लागतो.

हा निर्णय पुष्कळदा हडपसरच्या संदर्भात होतो, यात नवल नाही. सोलापूरच्या रस्त्याने येणाऱ्याला पुण्याचे पहिले दर्शन हडपसरचे घडते. शासकीय मराठीत अशा ठिकाणाला ‘उपनगर’ म्हणतात. हा शब्द संस्कृत घडणीचा, कागदावर शोभणारा. मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये झाला तेव्हा तो जिल्ह्याच्या नावातही बसला. पण ‘आम्ही उपनगरात चाललो’ असे सोनारीत कोणी म्हणत नाही. ‘हडपसरला चाललो’ म्हणतात, किंवा अधिक सैलपणे ‘पुण्याला’. हडपसर, वाघोली, चाकण, चिंचवड ही सारी सोनारीहून पाहता ‘पुणे’च आहेत. ‘उप’ हा उपसर्ग शहराच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीचा आहे. बाहेरून येणाऱ्याला त्याचे प्रयोजन नाही.

मराठीला यासाठी एक जुना आणि अधिक नेमका शब्द होता, तो ‘पेठ’. मराठी राज्यातील दप्तरात साधे खेडे ते ‘मौजे’, बाजाराचे मोठे गाव ते ‘कसबा’, आणि कसब्याला लागून व्यापारउदिमासाठी मुद्दाम वसवलेली वस्ती ती ‘पेठ’. पुण्यात मूळ कसब्याभोवती एकेक पेठ वाढत गेली. काही पेठांना वारांची नावे मिळाली, काहींना माणसांची. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नाना पेठ नाना फडणिसांच्या. आज या पेठांना शहराचे हृदय म्हणण्याची चाल आहे. वसल्या तेव्हा त्या सर्व शहराच्या कडेला होत्या. व्यापारी उपनगराचा याहून चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही.

पेठ आपोआप भरत नसे. व्यापारी, कारागीर यांना बाहेरगावाहून आणावे लागे, आणि त्यासाठी सरकार ‘कौल’ देई. ‘कौल’ हा अरबी शब्द; मूळ अर्थ ‘वचन’. अमुक वर्षे कर घेतला जाणार नाही, पुढे तो हळूहळू चढत्या प्रमाणात बसेल, असे आश्वासन त्यात असे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला मिळणाऱ्या अशाच चढत्या दराच्या कौलास ‘इस्ताव्याचा कौल’ म्हणत. पेठेची उगवणी शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असे. माणसे आणणे, त्यांना जागा नेमून देणे हे त्यांचे काम, आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. म्हणजे अठराव्या शतकात पेठेत जावे की नाही याचा विचार करणाऱ्या साळ्याच्या किंवा वाण्याच्या हाती वचनाचा एक कागद तरी होता. आज हडपसरला खोली घेणारा माणूस कौल घेत नाही, तो उलट अनामत देतो. वचन देणारा आणि वचन घेणारा यांच्या जागा बदलल्या आहेत. देवाला ‘कौल लावणे’ आणि मतदारांचा ‘कौल’ हे प्रयोग मात्र भाषेत शिल्लक आहेत. ज्या व्यवहारासाठी राज्यकर्ते तो शब्द वापरीत, त्याचीच त्यात आठवण उरलेली नाही.

दुसऱ्या बाजूने, गाव सोडून जाणाऱ्याचे गावात काय उरे, यासाठीही त्या काळी निश्चित शब्द होते. गावातील जमिनीचा वंशपरंपरागत धनी तो ‘मिरासदार’. बाहेरून येऊन काही काळ जमीन कसणारा तो ‘उपरी’. मिरासदार दुष्काळात किंवा लुटीच्या भयाने परागंदा झाला, तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. पुष्कळ काळ लोटल्यावर परत आलेल्याने ती मागून घेतल्याची उदाहरणे आहेत. जे घराणे गेले ते परतलेच नाही किंवा निर्वंश झाले, त्याच्या जमिनीला ‘गतकुळ’ म्हणत, आणि त्या जमिनीची ओळख पुष्कळदा त्या नाहीशा झालेल्या घराण्याच्या नावानेच चालू राही. कुळ गेले, नाव वावराला चिकटून राहिले. ‘परागंदा’ हा शब्द फारसीतील ‘विखुरलेला’ या अर्थाचा. ‘वतन’ तर अरबीत जन्मभूमी. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेचा हक्क. जन्मभूमी म्हणजे जेथे आपला हक्क चालतो ती, असा अर्थ मराठी माणसाने त्या शब्दात भरला. सोनारीच्या कुटुंबात आज ‘सातबारा’वरील नावाचा मुद्दा निघतो तेव्हा हीच जुनी समजूत बोलत असते. पुण्याला गेलेल्या भावाचे नाव उताऱ्यावर राहते, जमीन दुसरा भाऊ कसतो, आणि ‘कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर त्या उताऱ्याच्या आधाराने अबाधित राहते. उतारा फुटला, वाटणी विकली गेली, की ‘सोनारीचे’ म्हणण्यातील जोर निम्मा होतो, असे पुष्कळांच्या बोलण्यात येते.

जमिनीच्या मापातही हे दिसून येईल. सोनारीत जमीन एकराने बोलली जाते. गुंठा निघतो तो भावाभावांच्या वाटणीत किंवा बांधाच्या तंट्यात. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हडपसरच्या परिसरात हाच गुंठा, किंवा त्याचा अर्धा भाग, ही आयुष्याची कमाई होते. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून झालेल्या वसाहती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये महाराष्ट्राला गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. जे माप गावी भांडणाचे, तेच पेठेत अभिमानाचे. एक एकर विकून एक गुंठा घ्यावा का, हा प्रश्न सोनारीच्या कट्ट्यावर गणितासारखा मांडला जातो. पण त्यातील एकर हा ‘-चा’ या प्रत्ययाचा आधार आहे आणि गुंठा हा ‘-ला’ या प्रत्ययाचा, हे गणितात धरले जात नाही.

हडपसर स्वतः जुने गाव आहे. तेथील ‘गाडीतळ’ या नावात बैलगाड्यांचा तळ अजून ऐकू येतो. आळंदीची आणि देहूची अशा दोन्ही पालख्या पुणे सोडून येथपर्यंत येतात आणि येथून त्यांच्या वाटा फुटतात, एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोराकडे. सिरम इन्स्टिट्यूट येथे १९६६ मध्ये स्थापन झाली. २००० च्या सुमारास मगर घराण्यांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा हे नगर उभारले. ते शेतकरी शहरात गेले नाहीत, शहर त्यांच्या शेतात आले. पुणे महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या गणनेत ३१ लाखांवर होती आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे तिच्या हद्दीत घेण्यात आली. या गावांतील भाषेत एक शब्द विलक्षण रीतीने फिरला आहे. मुंबईच्या गिरणगावात ‘गाववाला’ म्हणजे आपल्या गावाकडचा माणूस, आपल्यासारखाच बाहेरून आलेला. हडपसरसारख्या ठिकाणी ‘गाववाले’ म्हणजे मूळचे रहिवासी, जमिनींचे आणि चाळींचे मालक. आलेले ते ‘बाहेरचे’ किंवा ‘भाडेकरू’. सोनारीतून आलेला माणूस आपल्या गावात गाववाला असतो आणि येथे त्याला गाववाल्यांना भाडे द्यावे लागते. जुन्या भाषेत सांगायचे तर गावी तो मिरासदार आहे आणि पेठेत उपरी.

‘वस्ती’ या शब्दाचेही तसेच. सोनारीच्या बाजूला ‘वस्तीवर राहतो’ म्हणजे गावठाण सोडून आपल्या शेतात घर करून राहतो. त्यात स्वतःच्या मालकीचा सूर आहे. पुण्यात ‘वस्तीत राहतो’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दाटीची, गरिबांची घरे येतात. नवागताला या एका शब्दाची विभक्ती आणि प्रतिष्ठा दोन्ही नव्याने शिकाव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. ‘जावे की न जावे’ असा एकच प्रश्न कुटुंबापुढे असतो असे वृत्तपत्रे आणि अहवाल गृहीत धरतात, आणि त्यासाठी ‘स्थलांतर’ हा एकच शब्द वापरतात. बोलीत मात्र या एका शब्दाच्या जागी निदान पाच-सहा प्रयोग आहेत, आणि ते परस्परांच्या जागी चालत नाहीत.

सर्वांत जुना आणि कठोर प्रयोग ‘जगायला जाणे’ हा होय. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना तो हमखास येतो. येथे ‘जगणे’ हा हेतू आहे, ‘राहणे’ नव्हे. पाऊस पडला, की परतायचे हे त्या क्रियापदातच गृहीत आहे. जगायला गेलेल्याने निर्णय घेतलेला नसतो, तो त्याच्यावर आलेला असतो. गावाजवळच काम मिळावे म्हणून याच दुष्काळात रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुसरा प्रयोग ‘तोडीला जाणे’. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची ‘उचल’ घेऊन ऊसतोडीस निघणे. नवराबायकोच्या जोडीस मिळून ‘कोयता’ म्हणतात, आणि उसाच्या फडाजवळ ती जोडी ‘कोपी’ घालते. भांडीकुंडी, लेकरे, कधी जनावरेही बरोबर असतात. घरातील सगळे माणूस हलते, तरी त्याला ‘गाव सोडणे’ कोणी म्हणत नाही. कोपी हे घर नव्हे.

तिसरा प्रयोग ‘कंपनीत लागणे’, ‘कामाला लागणे’. ‘लागणे’ हे क्रियापद येथे फार बोलके आहे. गेलेला माणूस एखाद्या गोष्टीला जोडला गेला आहे, पण त्याचे मूळ टोक अजून गावातच आहे. तो खानावळीत जेवतो किंवा नातलगाच्या खोलीत पथारी टाकतो. या पायरीवर घरात चर्चा होते ती मिळकतीची आणि संगतीची. चौथ्या पायरीवर खरी वादाला सुरुवात होते, आणि तेथील शब्द आहे ‘बिऱ्हाड’. ‘बिऱ्हाड करणे’, ‘बिऱ्हाड नेणे’. हा शब्द मूळ ‘बिढार’, कन्नडातील ‘बिडार’शी नाते सांगणारा, अर्थ तळ, उतरण्याची जागा. म्हणजे शब्दाच्या पोटात अजून प्रवासच आहे. परंतु व्यवहारात बिऱ्हाड तेव्हा होते जेव्हा चूल हलते. जुन्या मराठीत ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी. ‘त्याने कुटुंब नेले’ या वाक्याचा अर्थ ती गेली, आणि तिच्याबरोबर गावच्या घरातील एक चूल, एका माणसाचे शेतकाम आणि सासूसासऱ्यांची देखभालही गेली. थोरल्या माणसांचा विरोध नोकरीला नसतो, बिऱ्हाडाला असतो. याउलट त्या सुनेच्या दृष्टीने बिऱ्हाड म्हणजे पाण्याचा नळ, मुलांची शाळा आणि स्वतःच्या हातात आलेला पैसा. निर्णयाचे वजन येथे कोणाच्या शब्दाला किती आहे, हे पाहिल्याशिवाय स्थलांतराविषयी लिहिलेले कोणतेही प्रकरण अपुरे समजावे.

पाचवा प्रयोग ‘जागा घेणे’. पेठेत ‘घर घेतले’ याहून ‘जागा घेतली’ असे म्हणण्याकडे कल अधिक. ‘घर’ हा शब्द गावच्या वास्तूसाठी राखून ठेवलेला असतो. ‘घरी चाललो’ म्हणजे सोनारीला. ज्या दिवशी माणूस सोनारीहून निघताना ‘आता घरी जायचे’ असे हडपसरविषयी सहज बोलून जातो, त्या दिवशी त्याच्या नकळत काही ठरलेले असते. ‘स्थायिक होणे’ हा शेवटचा प्रयोग लेखी भाषेतला. तो स्वतःविषयी क्वचितच वापरला जातो. बहुधा दुसरे लोक वापरतात.

या पायऱ्या एकमेकींच्या मागोमाग याव्यात असा नियम नाही. मात्र एका पायरीवरचा होकार पुढच्या पायरीचा होकार नव्हे, हे बोली स्पष्टपणे जाणते. घरातील वितुष्ट पुष्कळदा याच घोटाळ्यातून येते. मुलगा ‘कंपनीत लागतो’ म्हणतो, आणि बापाला ‘बिऱ्हाड’ ऐकू येते; बाप ‘जा’ म्हणतो, आणि मुलाला ‘जागा घे’ असे ऐकू येते. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली तेव्हा या पायऱ्यांचे अंतर सर्वांना दिसले. ‘लागलेले’ पुष्कळ जण गावाकडे निघाले. बिऱ्हाड केलेल्यांना भाडे आणि गावचे घर यांत निवड करावी लागली. जागा घेतलेल्यांचे हप्ते चालू होते, ते बहुधा जागचे हलू शकले नाहीत. गावानेही कोणाला कसे घेतले यात फरक होता, आणि ज्याच्या नावाचे घर अजून उभे होते त्याचे येणे सोपे गेले.

कोकणाच्या बाबतीत या गुंत्यास एक तोड पूर्वीच निघाली. मुंबईत नोकरी, कोकणात घर, गणपतीला आणि शिमग्याला येणे, अशी घडी तेथे पिढ्यान्‌पिढ्या बसली आणि त्या माणसाला नावही मिळाले, ‘चाकरमानी’. या शब्दात कमीपणा नाही आणि परकेपणाही नाही; दोन ठिकाणी अर्धे अर्धे असणे ही एक पूर्ण अवस्था आहे, हे तो मान्य करतो. परांडा-भूमच्या बाजूला पुण्याकडे गेलेल्यांसाठी त्या तोडीचा शब्द रूढ झालेला नाही. ‘पुण्यावाले’ म्हणतात, पण त्यात थोडी थट्टा आहे आणि थोडे अंतर. शब्द नाही याचा अर्थ घडी अजून बसलेली नाही, असा लावण्यास हरकत नसावी.

मुलांच्या भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे कोणाचाच निर्णय चालत नाही. ‘पानी’, ‘हाय’, ‘व्हतं’, ‘म्या’ या रूपांनी बोलणारे मूल हडपसरच्या शाळेत ‘पाणी’, ‘आहे’, ‘होतं’, ‘मी’ या रूपांकडे वळते. ‘म्या’ हे अशुद्ध बोलणे आहे असे त्याला सांगितले जाते. वस्तुतः ‘म्यां’ हे ‘मी’चे जुने तृतीयेचे रूप, यादवकालीन मराठीत ते प्रतिष्ठेने वावरत होते आणि खेड्यांनी ते जपून ठेवले. शाळा ज्याला चूक म्हणते ते पुष्कळदा केवळ वयाने मोठे असते. पण मूल व्युत्पत्ती ऐकत नाही, ते सवंगड्यांचे ऐकते. भाषाभ्यासात हे आता सर्वमान्य आहे, की मुलाचे उच्चार आईबापांपेक्षा बरोबरीच्या मुलांकडे झुकतात. कॅनडातून इंग्लंडमध्ये गेलेल्या मुलांविषयी जे. के. चेंबर्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतचे मूल नवी बोली जवळजवळ खात्रीने पूर्ण आत्मसात करते आणि चौदानंतर गेलेले मूल जवळजवळ खात्रीने तसे करू शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. ती मुले थोडी होती आणि बोली इंग्रजीच्या होत्या. वयाचे आकडे जसेच्या तसे सोनारीला लावता येणार नाहीत. दिशा मात्र तीच दिसते. बिऱ्हाड नेण्याचे साल बापाच्या नोकरीवरून ठरते. त्या साली धाकटे मूल पाच वर्षांचे आणि थोरले पंधरा वर्षांचे असेल, तर एकाच खोलीत दोन मराठी वाढतात. थोरले सोनारीत गेल्यावर आजोबांशी त्यांच्या बोलीत बोलते. धाकट्याचे शब्द ऐकून आजोबा हसतात आणि त्याला ‘पाहुणा’ म्हणतात. बोलण्यातील कौतुक खरे असते, आणि शब्दही खरा असतो.

सोनारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सोनारीचा काळभैरवनाथ हा पश्चिम महाराष्ट्रातील आणि आसपासच्या पुष्कळ घराण्यांचा कुलदेव. ज्यांच्या कोणत्याही ज्ञात पूर्वजाने सोनारीत वास्तव्य केलेले नाही, अशीही माणसे ‘आमचा देव सोनारीचा’ असे म्हणतात, लग्नानंतर जोडपे तेथे आणतात, चैत्रातील यात्रेला येतात. म्हणजे ‘कुठले?’ या प्रश्नाला सोनारीचा उपयोग करणारी एक फार मोठी मंडळी सोनारीच्या बाहेरच आहे. गावातून गेलेले कुटुंब एक-दोन पिढ्यांनी त्याच मंडळीत जाऊन मिळण्याचा संभव आहे. शेत गेले, घर पडले, तरी देव उरतो. ‘आम्ही सोनारीचे’ याचे ‘आमचा देव सोनारीचा’ होते. कर्ता बदलतो, प्रत्यय तोच राहतो. ‘-कर’ लावून झालेल्या आडनावांची रीतही अशीच आहे. परांडेकर हे आडनाव परांडा सोडल्याशिवाय पडत नाही. गावात सर्वच परांड्याचे असतात, तेथे त्या नावाने कोणाची ओळख पटणार?

या साऱ्या स्थित्यंतराची नोंद अत्यंत काटेकोरपणे ठेवणारा कागद म्हणजे लग्नाची निमंत्रणपत्रिका. तीत यजमानाच्या नावाखाली ‘मु. पो. सोनारी, ता. परांडा’ असे छापलेले असते आणि पुढे ‘ह. मु. हडपसर’. ‘ह. मु.’ म्हणजे हल्ली मुक्काम. पोलीस ठाण्याच्या आणि कचेरीच्या कागदांतही हेच संक्षेप चालतात. ‘मुक्काम’ हा प्रवासातील थांबा. वीस-पंचवीस वर्षे झालेल्या वास्तव्यालाही पत्रिका हल्लीचा थांबा म्हणते. पुढच्या पिढीच्या पत्रिकेत क्रम उलटलेला आढळतो. वर हडपसरचा पत्ता सदनिकेच्या क्रमांकासह येतो, ‘ह. मु.’ ही अक्षरे गळतात, आणि खाली, कंसात, ‘मूळ गाव सोनारी’ एवढेच असते. हे दोन मजकूर कोणत्या वर्षी आणि घरातील कोणाच्या सांगण्यावरून बदलले, हे त्या त्या घरी विचारले असता बहुधा कोणालाच सांगता येत नाही. छापखान्याला मजकूर नेऊन दिला तो थोरल्या मुलाने, एवढेच आठवते.